थोडं दुरून, थोडं जवळून

मुलांनो, शाळा कशाची बनलेली असते, सांगा पाहू? भिंतींची? फळ्याची? घंटेची? मी हा प्रश्न दरवर्षी आमच्या मुलांना विचारते आणि दरवर्षी नवं उत्तर मिळतं. कोणी म्हणतं मैदानाची, कोणी म्हणतं खिचडीची. कोणी हळूच म्हणतं, "बाई, मैत्रिणींची." मला हे शेवटचं उत्तर फार आवडतं. पुष्कळ जणांनी एका जागी, एकमेकांच्या जवळ बसून शिकायचं, यालाच तर आपण शाळा म्हणतो. मग हे जवळ बसणंच एक दिवस धोक्याचं ठरलं, तर शाळेने काय करावं?

हा प्रश्न कोड्यासारखा वाटेल, पण २०२० साली तो खरोखरच आमच्यापुढे उभा राहिला. करोनाच्या साथीमुळे मार्चच्या मध्यावर राज्यातल्या शाळा बंद झाल्या. पहिली ते आठवीच्या वार्षिक परीक्षा झाल्याच नाहीत. सगळी मुलं तशीच वरच्या वर्गात गेली. तुमच्यातल्या मोठ्यांना ते दिवस आठवत असतील. लहानांनी ते घरात ऐकले असतील. त्या दिवसांत आमच्या शाळेने काय काय केलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे. कारण साथ ही काही एकदाच येणारी पाहुणी नव्हे. पुन्हा कधी अशी वेळ आली, तर निदान तयारी तरी हवी, हो ना?

मी दापोली तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. डोंगरउतारावरचं गाव, तीन वाड्या आणि मधून वाहणारा वहाळ. शाळेत तेव्हा पहिली ते पाचवीचे वर्ग होते. पट २३ आणि शिक्षक दोन, आमचे मुख्याध्यापक गुरुजी आणि मी. मी मूळची घाटावरची. डी. एड. झाल्यावर नोकरीसाठी इकडे आले आणि इथलीच झाले. डी. एड. ला आम्हाला फळ्यावर कसं लिहावं, पाठाचं टाचण कसं काढावं, हे सगळं शिकवलं होतं. पण एकमेकांपासून सहा फूट लांब बसलेल्या मुलांना बाराखडी कशी शिकवायची, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी येऊ लागले. आलेल्या माणसांना चौदा दिवस वेगळं ठेवायचं, असा नियम होता. गावाने त्यांची सोय शाळेच्या दोन खोल्यांत केली. जिथे मुलं पाढे म्हणायची, तिथे दोऱ्यांवर कपडे वाळू लागले. तोवर ३ जून आला. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि शेजारच्या दापोली-मंडणगडलाही त्याने झोडपून काढलं. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, कौलं उडाली, विजेचे खांब मोडून पडले. आमच्या गावात महिनाभर दिवा नव्हता. शहरात 'ऑनलाइन शाळा' हा शब्द मुलांच्या तोंडी बसत होता, तेव्हा आमची मुलं गळक्या छपराखाली भांडी लावत होती.

वीज आल्यावर गुरुजी म्हणाले, "बाई, आधी मोजू या. मग ठरवू." आम्ही तोंडाला मास्क बांधून घरोघर फिरलो. २३ मुलं, १७ घरं. इंटरनेट चालेल असा मोबाईल ९ घरांत. त्यांतले ५ मोबाईल दिवसा कामावर, वडिलांच्या खिशात. उरलेल्या ४ घरांपैकी रेंज येणारी घरं दोन. म्हणजे मी रोज सकाळी फोनवर सुंदर तास घेतला असता, तरी २३ पैकी ३ मुलांनी तो पाहिला असता. बाकीच्या २० जणांसाठी माझी शाळा बंदच.

आता मी तुम्हाला दोन मुलांची ओळख करून देते. त्यांची खरी नावं सांगत नाही. एकीला आपण चिमणी म्हणू आणि एकाला खंड्या.

चिमणी त्या जूनमध्ये पहिलीत आली. आली म्हणजे फक्त हजेरीपटावर आली. तिने शाळेचं दार आतून पाहिलंही नव्हतं. आई नव्हती, वडील मुंबईला कामाला, घरात ती आणि तिची आजी. घरात मोबाईल नव्हता, टीव्हीही नव्हता. खंड्या पाचवीत होता. गणितात हुशार, पण पायाला भिंगरी. वादळात त्यांच्या गोठ्याचं छप्पर गेलं, वडिलांचं काम वाढलं आणि गुरांमागे जायचं खंड्याकडे आलं. रोज सकाळी तो गुरं घेऊन सड्यावर जायचा, तो दिवेलागणीला परत. एकदा वाटेत भेटला तेव्हा म्हणाला, "बाई, आता माझी शाळा सुटली ना ओ?" मी घरी जाऊन बराच वेळ त्या वाक्याचा विचार करत बसले. शाळा सुटली, हे आपण रोज म्हणतो. पण एखाद्या मुलाची शाळा कायमची सुटते, तेव्हाही आपण तेच शब्द वापरतो.

दुरून शिकवणं ही गोष्ट जगात तेव्हा पहिल्यांदा झाली असं मात्र समजू नका, बरं का. १९३७ सालची गोष्ट. अमेरिकेत शिकागो शहरात पोलिओची साथ आली आणि सप्टेंबरात उघडणाऱ्या शाळा उघडल्याच नाहीत. तेव्हा पोलिओवर लस नव्हती. मग तिथल्या शिक्षकांनी रेडिओवरून धडे द्यायला सुरुवात केली. पंधरा-पंधरा मिनिटांचे तास! कोणत्या इयत्तेचा कोणता विषय किती वाजता, ते वर्तमानपत्रात छापून यायचं. शंका विचारायला टेलिफोनची सोय होती. तीन लाखांहून अधिक मुलांसाठी ही शाळा काही आठवडे चालली. पण तिथेही एक अडचण आलीच. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता किंवा ज्यांच्या रेडिओवर नुसतीच खरखर यायची, ती मुलं मागे राहिली. म्हणजे १९३७ मध्ये शिकागोच्या गुरुजींपुढे जो प्रश्न होता, तोच २०२० मध्ये आमच्या वाडीत होता. फक्त रेडिओच्या जागी मोबाईल आला होता.

आमच्याकडेही दूरदर्शनची मदत झाली. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, मराठीतून. ज्या घरी टीव्ही होता तिथली मुलं ठरल्या वेळी त्यासमोर बसू लागली. शेजारच्या घरातली दोन मुलं खिडकीबाहेर उभी राहून पाहायची. ते पाहून बरंही वाटायचं आणि वाईटही.

पण टीव्ही बोलतो, ऐकत नाही. चौथीतला मुलगा भागाकार पाहून करू शकेल. पहिलीतल्या मुलीला मात्र कोणीतरी समोर बसून ऐकावं लागतं. तिने 'कमळ' वाचलं की 'कलम', हे त्या पडद्याला कसं कळणार? पेन्सिल मुठीत धरली आहे की बोटांत, हे कोण पाहणार? म्हणून आम्ही दोघांनी ठरवलं, की जे दुरून होण्यासारखं आहे ते दुरूनच करायचं आणि जे जवळ बसल्याशिवाय होतच नाही, तेवढ्यासाठीच जवळ यायचं.

आता प्रश्न असा, की जवळ यायचं कसं? इथे थोडं विज्ञान पाहू. बंद स्वयंपाकघरात चूल पेटवली, तर धूर सगळ्या खोलीत साठतो आणि कोपऱ्यात बसलेल्याच्याही डोळ्यांत जातो. तीच चूल अंगणात पेटवली, तर धूर वाऱ्यावर विरून जातो. आजारी माणूस बोलतो, खोकतो, नुसता श्वास सोडतो, तेव्हा त्याच्या तोंडा-नाकातून अगदी सूक्ष्म थेंब बाहेर पडतात. करोनाचा विषाणू त्या थेंबांतून प्रवास करतो. बंद खोलीत ते थेंब धुरासारखे साठतात, मोकळ्यावर पांगतात. सुरुवातीला सगळे वह्या, दप्तरं, दाराच्या कड्या पुसत बसले होते. पुढे शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की वस्तूंपेक्षा हवेतूनच हा आजार जास्त पसरतो. हात धुणं चांगलंच, पण खिडकी उघडणं त्याहून महत्त्वाचं.

मोकळ्या हवेतली शाळा ही कल्पनाही जुनीच. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी क्षयरोगाची फार भीती होती. त्यावर तेव्हा औषध नव्हतं. १९०८ साली अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरात अशा अशक्त मुलांसाठी एक शाळा सुरू झाली. तिथे भर थंडीत खिडक्या सताड उघड्या ठेवायचे! मुलं जाड पिशव्यांत पाय घालून बसत आणि पायांशी तापवलेले दगड ठेवत. आपल्याला तर दगड तापवायचीही गरज नाही. कोकणातल्या घराला पडवी असते. तीन बाजूंनी मोकळी, वर छप्पर. पाऊस लागत नाही आणि वारा खेळता राहतो. साथीतल्या शाळेला याहून चांगला वर्ग कोणता?

गणपती होईपर्यंत आम्ही थांबलो. सणाला बाहेरून आलेली माणसं परत गेली, त्यानंतरही पंधरा दिवस जाऊ दिले. शाळा म्हणून शाळा उघडायची परवानगी नव्हतीच. म्हणून ग्रामपंचायतीशी बोलून, पालकांना विचारून, आम्ही घरभेटी सुरू केल्या. प्रत्येक वाडीत एक पडवी ठरवली. सोमवार-गुरुवार वरची वाडी, मंगळवार-शुक्रवार मधली, बुधवार-शनिवार खालची. एका वेळी चार किंवा पाच मुलं, तास फक्त एक. सारवलेल्या जमिनीवर खडूने लांबलांब गोल काढले. ज्याने त्याने आपापल्या गोलात बसायचं. मास्क लावायचा. पाण्याची बाटली आणि पेन्सिल स्वतःची, देवाणघेवाण नाही. येताना साबणाने हात धुवायचे. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे घरात कोणालाही ताप-खोकला असेल, तर त्या मुलाने यायचं नाही आणि त्या वाडीचा वर्ग चौदा दिवस बंद. त्या दिवसांत फक्त स्वाध्याय आणि फोन.

हा शेवटचा नियम मी मुलांना साकवाची गोष्ट सांगून समजावला. आमच्या वहाळावर लाकडी साकव आहे. पावसाळ्यात पाणी चढलं की साकवावरून कोणी जात नाही. तेव्हा खालच्या पुलाकडून वळसा घालून जायचं. वाट लांबची आहे, पाय दुखतात, पण माणूस पलीकडे पोचतो. पाणी उतरलं की पुन्हा साकव. दोन्ही वाटा आधीपासून माहीत असल्या म्हणजे पूर आला तरी घाबरायला होत नाही. तसंच आपलं. पडवी हा साकव आणि स्वाध्याय ही लांबची वाट. पाणी केव्हा चढलं हे ओळखायचं आणि हट्ट करायचा नाही.

स्वाध्याय घरोघर पोचवण्याचीही एक युक्ती सापडली. शाळेत खिचडी शिजत नव्हती, म्हणून तिचे तांदूळ आणि कडधान्य पालकांना कोरडंच वाटलं जायचं. ते न्यायला प्रत्येक घरातून कोणीतरी येणारच! मग आम्ही तांदळाच्या पिशवीबरोबर स्वाध्यायाचे कागद द्यायला लागलो आणि मागचे पुरे झालेले परत घ्यायला लागलो. ज्या घरी मोबाईल नव्हता, टीव्ही नव्हता, तिथेही तांदूळ जात होताच. त्याच वाटेने अभ्यासही गेला.

आता खंड्याकडे येऊ. गावात सगळ्यांत चांगली रेंज कुठे? सड्यावर. आणि रोज सड्यावर कोण? खंड्या! गुरुजींना हे सुचलं तेव्हा ते स्वतःशीच हसले. गावातल्या एकाने आपला जुना मोबाईल शाळेला दिला होता. गुरुजींनी तो खंड्याच्या वडिलांशी बोलून खंड्याच्या हाती दिला. काम असं, की मी पाठवलेला धडा गुरं चरत असताना सड्यावर उतरवून घ्यायचा आणि संध्याकाळी परतताना ज्या अंगणात मोबाईल नाही तिथे लांबून दाखवायचा. पहिल्या आठवड्यात त्याने दोन घरं केली, दुसऱ्या आठवड्यात पाच. मुलं त्याला पोस्टमन म्हणू लागली. धडा दाखवता दाखवता त्याचाही अभ्यास होऊ लागला. मग एके दिवशी त्यानेच विचारलं, "बाई, पाचवीचा धडा कधी पाठवणार? सगळे पहिली-दुसरीचेच हायत." त्या दिवशी मला खात्री पटली, की याची शाळा सुटलेली नाही.

चिमणीच्या बाबतीत मात्र एक वेगळीच अडचण निघाली. पडवीत मी मास्क लावून शिकवायची. 'ब' म्हटलं की तिला 'द' ऐकू यायचं. आपण प, फ, ब, भ, म म्हणतो तेव्हा ओठ मिटतात. म्हणून पाहा! लहान मुलं अक्षर नुसतं ऐकत नाहीत, बोलणाऱ्याचे ओठही पाहतात. माझे ओठ तर कापडाआड. मास्क काढणं शक्य नव्हतं, कारण समोर ओट्यावर तिची आजी बसलेली असायची.

मग मी रात्री घरी, एकटी असताना, मास्क काढून एकेक अक्षर म्हणतानाच्या छोट्या चित्रफिती केल्या. 'ब, बदक. पाहा माझे ओठ.' खंड्या त्या घेऊन जायचा. संध्याकाळी चिमणी अंगणात बसून माझे ओठ बघायची आणि दोन दिवसांनी पडवीत मला म्हणून दाखवायची. दुरून तिला माझा चेहरा दिसत होता आणि जवळून मला तिचा आवाज ऐकू येत होता. दोन्ही जोडल्यावर धडा पुरा झाला. अशा जोडीने शिकवायचं म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट कळलं. सकाळी शाळेत जे करायचो तेच फोनवर करायचं आणि फोनवर केलं तेच पुन्हा वर्गात करायचं, यात मुलांचा आणि शिक्षकाचा नुसता वेळ जातो. प्रत्येक वाटेला तिचं तिचं काम द्यायला हवं.

देशात कितीतरी ठिकाणी शिक्षकांनी अशा वाटा शोधल्या. झारखंडमध्ये दुमका जिल्ह्यात डुमरथर नावाचं गाव आहे. तिथे मुलांच्या घरांच्या मातीच्या भिंतींवरच काळे फळे रंगवले गेले. प्रत्येक मूल आपल्या घरासमोर, आपल्या फळ्यापाशी बसायचं आणि शिक्षक गल्लीतून फिरत कर्ण्यावरून शिकवायचे. अंतरही राखलं जायचं आणि शाळाही भरायची. ना मोबाईल लागला, ना रेंज.

पुढे सरकारी शाळाही टप्प्याटप्प्याने उघडू लागल्या. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावी आणि २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवी. शिक्षकांनी तपासणी करून घ्यायची, पालकांनी लेखी संमती द्यायची, मुलांवर हजेरीची सक्ती नाही, असे नियम होते. आमच्या शाळेत पाचवीची चार मुलं परत आली. एका बाकावर एकच मूल. त्यांत खंड्याही होता. गुरांची व्यवस्था त्याच्या वडिलांनी चुलत्याकडे लावली होती. मात्र मोबाईल त्याने सोडला नाही. शाळा सुटल्यावर तो सड्यावर चक्कर मारून यायचा, कारण पहिली ते चौथीची मुलं अजून घरीच होती.

मोठ्यांना आधी बोलावलं, त्याला कारणं होती. मोठी मुलं मास्क नीट लावतात, अंतर पाळतात, त्यांच्या परीक्षाही जवळ असतात. पण माझ्या मनात एक गोष्ट तेव्हापासून राहिली आहे. वाचता येणारं मूल पुस्तक घेऊन महिनाभर एकटं चालू शकतं. ज्याला अजून वाचताच येत नाही, त्याला बोट धरणारं माणूस लागतं. पुन्हा अशी वेळ आली, तर जवळ बसण्याचा जो थोडा वेळ मिळेल, त्यात धाकट्यांचा वाटा मोठा असावा.

मार्च-एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली आणि पाणी साकवाच्या वर चढलं. शाळा बंद झाली, पडव्याही बंद. गावात बरीच घरं आजारी पडली. चिमणी तेव्हा नुकती दोन-तीन अक्षरी शब्दांपर्यंत आली होती. काना-मात्रा अजून डगमगत होत्या. एवढ्यात थांबलो तर सगळं पुसलं जाईल, अशी मला भीती. मी लांबून, कुंपणापाशी उभी राहून तिच्या आजीला विचारलं, की आठवड्यातून एकदा, अंगणात, फक्त चिमणीला वाचायला बसवलं तर चालेल का?

आजी थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाई, पोर काय, उद्या वाचील. पण मी गेले, तर हिला कोण हाय?"

मुलांनो, या प्रश्नाला उत्तर नव्हतं. शिकणं महत्त्वाचंच. पण चिमणीचं सगळं घर म्हणजे ती एक म्हातारी बाई होती. मी मान हलवली आणि परत फिरले. त्यानंतर तीन महिने चिमणीला फक्त लांबची वाट राहिली, तांदळाबरोबरचे कागद आणि खंड्याचा मोबाईल. खंड्याने कुंपणाबाहेरून दगडावर मोबाईल ठेवायचा आणि मागे सरायचं, मग चिमणीने पुढे येऊन बघायचं. त्याने तिचे वाचन आवाजात भरून घ्यायला सुरुवात केली आणि सड्यावरून मला पाठवू लागला. पाठीमागे पक्ष्यांचा कलकलाट आणि मधेच आजीचा आवाज, "मोठ्याने म्हण गो." मी ऐकायची आणि चुकलेली अक्षरं पुढच्या कागदावर घालायची.

साठ वर्षांवरच्या माणसांना १ मार्च २०२१ पासून लस मिळू लागली होती. आजी आधी घाबरत होत्या, पण पावसाळ्यात गावात शिबिर झालं तेव्हा त्यांनी लस घेतली. गावातला आजार ओसरला, तशा ऑगस्टमध्ये आमच्या पडव्या पुन्हा भरल्या. अखेर १ डिसेंबर २०२१ पासून ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या शाळांना परवानगी मिळाली. चिमणी शाळेत आली ती थेट दुसरीत! दारात थांबून तिने विचारलं, "बाई, माझा गोल कुठला?" तिला वाटलं, शाळेतही खडूचे गोल असणार. मी तिला बाक दाखवला. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही दिवस शाळा बंद झाल्या, पण तोवर आम्हा सगळ्यांना लांबची वाट पाठ झाली होती. त्या दिवसांत एकाही मुलाचा स्वाध्याय थांबला नाही.

चिमणी वाचायला शिकली. जोडाक्षरांशी तिचं भांडण पुढेही वर्षभर चाललं, पण ती वाचते. सगळ्यांच्या नशिबी तेवढंही नव्हतं. 'असर' नावाची एक पाहणी देशभरातल्या खेड्यांत होते. तिच्यात २०१८ साली तिसरीतल्या १०० पैकी साधारण २७ मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२२ साली तेवढं वाचणारी मुलं जेमतेम २० उरली. या आकड्यांमागे ठिकठिकाणच्या कितीतरी चिमण्या आहेत. शाळा उघडल्यावर त्यांचं सगळं आपोआप भरून निघालं, असं समजू नये. आमच्या शाळेतही पुढची दोन वर्षं आम्ही रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून, ज्याला जे येत नाही तिथून शिकवत होतो.

पालकहो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. साथ नसतानाही घरात एवढं करून ठेवा. आठवड्यातून दोन-तीनदा मुलाला शेजारी बसवून दहा मिनिटं मोठ्याने वाचायला लावा. तुम्हाला स्वतःला वाचता येत नसलं तरी ऐका. चिमणीच्या आजी अक्षरओळख नसलेल्या, पण नात अडखळली की त्यांना बरोबर कळायचं. आणि मुलाला ताप असेल तर एक दिवस शाळा बुडाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. त्याला घरी ठेवणं ही वर्गातल्या बाकीच्या मुलांवर आणि त्यांच्या घरच्या आजी-आजोबांवर केलेली माया आहे.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. उद्या वर्गात गेलात की आधी खिडक्या उघडा. मग आपल्या वर्गात कोण कोण बरेच दिवस आलेलं नाही, ते बघा. त्याच्या घरावरून जाताना हाक मारा. आज काय शिकवलं ते सांगा, वही द्या, विचारा. आजारी असेल तर दारातूनच विचारा! आमच्या गावात हे काम गुरांमागे जाणाऱ्या एका मुलाने केलं. तुम्हाला तर सड्यावरही जायला नको.